पन्नास हजारांत घरचं रेकॉर्डिंग: आधी जागा, मग माइक

खानापूर तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलंय: जुन्या कौलारू घराला लागून वर स्लॅबची १० बाय १० ची नवी खोली काढली आहे, तिथे स्टुडिओ करायचा आहे. वडिलांचं भजनी मंडळ आहे, त्यांची भजनं चांगली रेकॉर्ड व्हावीत अशी इच्छा आहे. स्वतः अभंग म्हणून यूट्यूबवर टाकायचेत. लॅपटॉप आहे, हातात ५० हजार आहेत. तर कोणता कंडेन्सर माइक घेऊ आणि भिंतींना किती फोम लावू?

प्रश्न माइकचा आणि फोमचा विचारलात, पण खरी अडचण तिसरीच आहे. तुम्हाला दोन वेगळी कामं करायची आहेत आणि दोन्ही एकाच खोलीत बसवायचा विचार चाललाय. एकट्याने अभंग म्हणायला लहान, शांत, मऊ कोपरा लागतो. दहा-बारा जणांच्या मंडळाला पेटी, पखवाज आणि टाळांसकट मोकळी जागा लागते. १० बाय १० मध्ये मंडळ दाटीवाटीने बसेलही, पण टाळ भिंतींवरून परतून असे अंगावर येतील की वडिलांचा एक शब्दही वेगळा ऐकू येणार नाही.

मी बेळगावात राहतो आणि गेली बरीच वर्षं शहापूर-वडगावपासून खानापूर, निपाणीपर्यंत भजनी मंडळांचं, कीर्तनांचं रेकॉर्डिंग करतो. बहुतेक वेळा देवळात किंवा कुणाच्या तरी घरात. म्हणून माझा सल्ला स्पष्ट सांगतो: या पैशांत त्या खोलीचा स्टुडिओ करायला घेऊ नका. उचलून नेता येईल असं साहित्य घ्या आणि प्रत्येक कामाला त्याची जागा शोधा.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. मंडळात नेमकी माणसं किती, लॅपटॉप किती जुना, घरात दोन तास सगळे गप्प राहू शकतात का, जवळून रस्ता जातो का. किमतीही सारख्या बदलत असतात. तेव्हा खालचे आकडे अंदाज म्हणून धरा.

आता त्या नव्या खोलीचं बघू. १० फूट लांब, १० फूट रुंद आणि स्लॅबची उंचीही बहुधा १० फुटांच्या आसपास. रेकॉर्डिंगसाठी याहून अवघड आकार नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही ठरावीक सूर अडकतात आणि फुगतात. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर, त्या हिशेबाने १० फुटांच्या अंतरात ५६ हर्ट्झ, मग ११३, मग १६९ असे सूर फुगणार. लांबी, रुंदी आणि उंची वेगवेगळी असती तर हे सूर विखुरले असते. तुमच्याकडे तिन्ही सारख्या, म्हणून तिन्हींचा फुगवटा एकाच ठिकाणी साठतो. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे मंद्रातल्या धैवताजवळ आणि मध्य सप्तकातल्या गंधाराजवळ आवाज उगाचच घुमेल आणि मधल्या सुरांवर पातळ वाटेल. गळा तोच, पण ऐकणाऱ्याला वाटेल की गायकाचा आवाज सारखा वरखाली होतोय.

यावर फोमचा उपाय चालत नाही. बाजारात मिळणारा एक-दोन इंची फोम फक्त वरचा किणकिणाट शोषतो. ११३ हर्ट्झची लाट ३ मीटर लांब असते, तिला एक इंच फोम काय करणार? उलट चारही भिंतींना फोम चिकटवला की वरचे सूर मरतात आणि खालचा घुमारा तसाच राहतो. खोली गुदमरल्यासारखी लागते. अंड्यांचे ट्रे तर लावूच नका. आवाज शोषत नाहीत आणि पटकन पेट घेतात.

आता तुमचं जुनं घर आठवा. त्याच्याबद्दल तुम्ही फक्त 'जुनं कौलारू' एवढंच लिहिलंय, पण आपल्या भागातल्या अशा घराला सोपा, माजघर, परडं असतंच. माजघराच्या भिंती मातीच्या किंवा दगडी, जाड, थोड्या वाकड्या. वर लाकडी माळा. खाली शेणाने सारवलेली जमीन किंवा शहाबादी फरशी. एका बाजूला धान्याची पोती, कणगी, कपाटं, वळकट्या. रेकॉर्डिंगवाले हजारो रुपये घालून जे मिळवायला बघतात ते इथे आयतं आहे: भिंती गुळगुळीत नाहीत, लांबी-रुंदी वेगळी आहे, आणि पोती व अंथरुणं आवाज शोषून घेतात. मंडळाचं रेकॉर्डिंग मी असलो तर माजघरातच करेन. माजघर लहान पडलं तर गावातल्या देवळाचा सभामंडप, पण तो संगमरवरी फरशी आणि टाइल्स लावून नवा केलेला नसला तर. नव्या देवळांत घुमारा इतका असतो की अभंगाचं चरण संपून पुढचं सुरू झालं तरी मागचं हवेत असतं.

एक साधी परीक्षा करा. वरच्या खोलीत मधोमध उभे राहून जोरात एक टाळी वाजवा. टाळीनंतर 'टर्रर्र' असा धातूसारखा आवाज येईल. मग माजघरात तीच टाळी वाजवा. दोन्ही मोबाइलवर रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. माझ्या सगळ्या सांगण्यापेक्षा ती टाळी तुम्हाला लवकर पटेल.

फोमबद्दलचा आणखी एक गैरसमज खूप जणांचा असतो: फोम लावला की बाहेरचा आवाज आत येणार नाही. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बंद लागतात. पाणी जसं बारीक चिरेतून आत शिरतं तसा आवाज दाराखालच्या बोटभर फटीतून शिरतो. भिंत दुप्पट जड केली तरी आवाज जेमतेम ५-६ डेसिबलने कमी होतो. खऱ्या अर्थाने आवाजबंद खोली करायला दुहेरी भिंत, जड दार, दुहेरी काच लागते. तो खर्च ५० हजारांत बसत नाही, आणि तुम्हाला त्याची गरजही नाही, कारण गावात शांतता ठरावीक वेळी फुकट मिळते.

ती वेळ शोधा. मोबाइल माजघरात ठेवून पाच-पाच मिनिटं नुसती शांतता रेकॉर्ड करा: पहाटे, दुपारी जेवणं झाल्यावर, रात्री दहानंतर. गिरणी कधी सुरू असते, पंप कधी लागतो, कुत्री कधी भुंकतात, सगळं कळेल. ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की रस्त्याकडेच्या गावांत ट्रॅक्टर गाणी लावून रात्रभर जातात, तेव्हा रात्रीचा भरवसा नको. पावसाळ्यात अंधार पडला की बेडूक आणि रातकिडे थांबत नाहीत. माझ्या अनुभवात सर्वांत खात्रीची वेळ दुपारी दोन ते चार. शेतावरची माणसं आडवी झालेली असतात आणि मंडळाचा गळाही तोवर मोकळा झालेला असतो. जून ते सप्टेंबर मात्र मंडळाचं मोठं रेकॉर्डिंग ठरवूच नका. तुमच्या तालुक्याच्या पश्चिम भागात, कणकुंबी-जांबोटीकडे, पाऊस तासन् तास थांबत नाही, आणि कौलांवरचा पाऊस कोणत्याही सॉफ्टवेअरने स्वच्छ निघत नाही. गणपती, नवरात्र होऊन गेलं की ऑक्टोबरअखेर ते मार्च हा काळ धरा.

आता साहित्य. मी ते उचलून नेता येईल असं घ्यायला सांगतो, यामागे आणखी एक कारण आहे, विजेचं. जुन्या घरांत अर्थिंग बहुधा धड नसतं. चार्जर लावून रेकॉर्डिंग केलं की खाली ५० हर्ट्झची 'हूं' अशी घरघर येते. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर गेलात आणि तो स्क्वेअर वेव्हचा असला तर घरघर आणखी वाढते. म्हणून ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी, असा घ्या जो फक्त युएसबीवर चालतो, ज्याला वेगळा अडॅप्टर लागत नाही. लॅपटॉप पूर्ण चार्ज करा, चार्जर काढा, इंटरफेस हब न लावता थेट लॅपटॉपला जोडा. घरघर गेली, वीज जाण्याची धास्तीही गेली. वायरिंगची दुरुस्ती आणि अर्थिंगचा खड्डा कधीतरी करायलाच हवा, पण त्यासाठी रेकॉर्डिंग अडायला नको.

इंटरफेसला माइकची दोन इनपुट हवीतच. सुरुवातीला लोक पैसे वाचवायला एकच माइक इनपुट असलेला घेतात, मग मंडळ समोर बसल्यावर हात बांधले जातात. फोकसराइट स्कार्लेट टूआयटू किंवा थोडा स्वस्त बेहरिंगर यूएमसी २०२ एचडी, दोन्ही युएसबीवर चालतात आणि दोन माइकना ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे कंडेन्सर माइकला केबलीतूनच लागणारी वीज, देतात. यूएमसी ४०४ एचडीला चार माइक इनपुट आहेत म्हणून मोह होतो, पण त्याला वेगळा अडॅप्टर लागतो. तुमच्या घरासाठी मी तो टाळेन.

माइकबद्दल तुम्ही थेट कंडेन्सर म्हणालात. स्वतःच्या आवाजासाठी मी आधी डायनॅमिक माइक घ्यायला सांगेन, शुअर एसएम ५८ किंवा तसा एखादा. कंडेन्सर बारकावे चांगले टिपतो हे खरं, पण आवाज शोषायची सोय न केलेल्या खोलीत तो भिंतीसुद्धा तितक्याच बारकाईने टिपतो. स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी, शेजारच्या अंगणातली कोंबडी, सगळं येतं. डायनॅमिक माइक तोंडापासून चार-सहा इंचांवर धरायचा असतो. इतक्या जवळून गळ्याचा आवाज मोठा येतो आणि खोलीचा त्यामानाने फार लहान. जवळ आल्यावर खालचे सूर जाड होतात, ते सवयीने सांभाळता येतं. हा माइक पडला-झडला तरी टिकतो आणि पावसाळी ओलीला घाबरत नाही.

मंडळासाठी मात्र लहान डायफ्रामच्या कंडेन्सर माइकची एक जोडी घ्या. जोडी म्हणजे एकाच मॉडेलचे दोन. महागडी नको, सहा-आठ हजारांत कामापुरती मिळते.

पैशांचा हिशेब साधारण असा बसतो. इंटरफेसला १५-१६ हजार, डायनॅमिक माइकला ९-१० हजार, कंडेन्सरच्या जोडीला ७ हजार, बंद कानांच्या चांगल्या हेडफोनला ५ हजार, वजनदार बुडाच्या दोन बूम स्टँडना ४ हजार, केबलींना २ हजार. उरलेले ६-८ हजार जागेसाठी ठेवा, ते कशाला लागतील ते पुढे येईल. स्पीकर आत्ता घेऊ नका. तसल्या खोलीत स्पीकर तुम्हाला खोटंच सांगतील. हेडफोनवर काम करा आणि शेवटी मोबाइलच्या स्पीकरवर, एखाद्याच्या गाडीत ऐकून बघा. सॉफ्टवेअरसाठी ऑडॅसिटी फुकट आहे. रीपर ६० दिवस फुकट वापरून बघता येतं आणि घरगुती परवाना ६० डॉलरला मिळतो. मला रीपर आवडतं, जुन्या लॅपटॉपवरही ते अडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मंडळ बसवणं. स्टुडिओची सवय असलेले लोक सांगतील की प्रत्येक वाद्य वेगळं रेकॉर्ड करा, आधी ठेका, मग पेटी, मग गाणं. भजनाला ते चालत नाही. आपल्या भजनात लय स्थिर नसते. ध्रुवपद संथ सुरू होतं, टाळ चढतात, पखवाजी दुगुण घेतो आणि सगळे एकमेकांकडे बघत वर जातात. त्याला क्लिक, म्हणजे हेडफोनवरची ठरावीक लयीची टिकटिक, लावून बसवलं की भजन मरतं. तुकोबांचा अभंग असो की पुरंदरदासांचं पद, आपल्याकडची बरीच मंडळं दोन्ही म्हणतात, सगळ्यांनी एकत्र बसूनच म्हणायला हवं.

म्हणून दोन माइक एकाच उंच स्टँडवर, शेजारी शेजारी लावा. फ्रेंच रेडिओवाल्यांनी रुळवलेली ओआरटीएफ नावाची पद्धत आहे: दोन माइकच्या तोंडांमध्ये १७ सेंटीमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन, एक डावीकडे बघतो, एक उजवीकडे. एका स्टँडवर दोन माइक बसवायची पट्टी मिळते, ती केबलीच्या पैशांत बसते. माणसं बसलेली असतील तर माइक जमिनीपासून पाच-साडेपाच फूट उंच ठेवा, तोंडं किंचित खाली.

मग माणसं हलवा, बटणं नकोत. वडील, म्हणजे मुख्य गायक, माइकच्या समोर मधोमध, साडेतीन-चार फुटांवर. पेटी त्यांच्या डाव्या हाताला, थोडी मागे, भात्याची बाजू माइककडे येऊ देऊ नका, नाहीतर भात्याचा श्वास ऐकू येतो. पखवाज उजव्या हाताला, साधारण पाच फुटांवर. टाळकरी अगदी मागे, आठ-दहा फुटांवर, अर्धवर्तुळात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, घरात त्याहून थोडा कमी, तरी फरक मोठा पडतो. टाळ मागे आणि गळा पुढे एवढ्यावर निम्मं मिक्सिंग जागेवरच होतं. टाळकऱ्यांना बसायला खाली जाड वाकळ द्या, पायाचे ठेके जमिनीतून स्टँडला पोचत नाहीत.

एक कडवं म्हणून घ्या आणि दुसऱ्या खोलीत जाऊन हेडफोनवर ऐका. पेटी जास्त वाटली तर पेटी एक हात मागे. पखवाज दबला तर अर्धा फूट पुढे. तीन-चार वेळा असं झालं की बसतं. ज्येष्ठ मंडळींना जागा बदलायला सांगणं अवघड जातं, हे मला माहीत आहे. पण त्यांनाच हेडफोन लावून ऐकवा. स्वतःचा टाळ सगळ्यांवर चढलेला ऐकला की माणूस न सांगता मागे सरकतो.

पखवाजाकडे वेगळं लक्ष हवं. डाव्या बाजूची कणीक ताजी लावून घ्या, ती वाळत गेली की नाद चढतो आणि दोन तासांच्या बैठकीत पहिलं आणि शेवटचं भजन जुळत नाही. दमट दिवसात कातडं उतरतं, म्हणून दर दोन-तीन भजनांनंतर षड्ज लावून घ्या. पेटीचा सूर हलत नाही, त्यामुळे चूक नेहमी पखवाजाचीच कानाला टोचते.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. तासाला साधारण एक जीबी जागा लागते. गेन, म्हणजे इंटरफेसवर माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, ठरवताना मंडळाला सर्वांत जोरातला भाग म्हणायला सांगा, शेवटचा, जिथे टाळ टिपेला जातात, आणि तिथेही मीटर उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. गायकाच्या संथ आलापावर गेन ठरवला की हमखास शेवटी आवाज फाटतो. २४ बिटमध्ये आवाज थोडा लहान आला तर नंतर बिनधास्त वाढवता येतो, फाटलेला परत शिवता येत नाही. चूक झाली तर त्याच शब्दापासून सुरू करू नका, मागच्या ध्रुवपदापासून घ्या. ध्रुवपदाच्या समेवर दोन टेक जोडले की सांधा कळत नाही. पंखा बंद ठेवा, मोबाइल माजघराबाहेर ठेवायला सांगा, नुसते सायलेंट नकोत, कारण रेंज शोधणाऱ्या फोनची टकटक कधी कधी केबलीत उतरते. संध्याकाळीच फाइलची दुसरी प्रत वेगळ्या ड्राइव्हवर घ्या.

नंतरची कामं थोडी ठेवा. ८० हर्ट्झच्या खालचं कापण्याआधी पखवाजाचा धुमारा ऐका, तो तिथेच असतो. तुमच्या एकट्याच्या अभंगाच्या रेकॉर्डिंगवर मात्र बेलाशक कापा. आवाज मोठा करण्याच्या मागे लागू नका. फार मोठा केलेला आवाज यूट्यूब स्वतःच खाली आणतं, तुमच्या हाती फक्त दाबलेले टाळ उरतात.

तुमच्या एकट्याच्या अभंगांसाठी वरची खोली वापरता येईल, फक्त मधोमध उभं राहायचं नाही. एका कोपऱ्यापासून दोन-तीन फूट पुढे, कोपऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि त्या कोपऱ्यात, तुमच्या पाठीमागे दोन्ही बाजूंना, दोरीवर घरातल्या जाड वाकळा दुपदरी करून टांगा. माइकचं तोंड तुमच्याकडे, म्हणजेच वाकळांकडेही असतं. त्यामुळे मागून परतणारा आवाज तिथेच मरतो. खाली सतरंजी. कापसाची जुनी गादी असेल तर ती उरलेल्या कोपऱ्यात उभी करा, बाजारातल्या फोमपेक्षा ती कितीतरी जाड असते. जागेसाठी ठेवलेल्या पैशांतून रॉकवूलच्या, म्हणजे दगडाच्या तंतूंच्या लोकरीच्या, घनमीटरला ४८ किलो घनतेच्या, दोन इंची पाट्या आणा. एसीच्या डक्टचं काम करणाऱ्यांकडे मिळतात. दोन-दोन एकावर एक ठेवून लाकडी चौकटीत बसवा, वर मांजरपाट ताणा आणि कोपऱ्यांत उभ्या करा. हात लावताना हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला रुमाल, तंतू टोचतात.

या पाट्या भिंतीला चिकटवू नका, चार इंच अंतर ठेवा. अंतरामुळे त्या खालच्या सुरांपर्यंत पोचतात. आणि आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते. चिकटलेली पाटी ती ओल धरून ठेवते, मांजरपाटावर बुरशी येते आणि खोलीला कुबट वास लागतो. वाकळाही जुलैत आठवड्याला एकदा उतरवून चुलीच्या खोलीत वाळवा.

हीच ओल कंडेन्सर माइकना सोसत नाही. ओलावलेला माइक रेकॉर्डिंगमध्ये चटचट आवाज करतो. काम झालं की ते घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्यांचा रंग बदलला की मंद उष्णतेवर वाळवून परत वापरा. वरच्या खोलीत स्लॅब तापतो आणि रात्री थंड होतो, तिथे डबा ठेवू नका, खाली कपाटात ठेवा.

माजघराची लांबी-रुंदी, मंडळातल्या माणसांची संख्या आणि वडिलांची पट्टी मला कळवा. हे कळलं की पखवाज कोणत्या मापाचा बरा पडेल आणि टाळकऱ्यांना किती मागे बसवायचं, हे जास्त नेमकं सांगता येईल. खरेदी त्यानंतर करा. आणि पहिली चाचणी दोन मोबाइल फोनवर, याच मांडणीत, एक पैसाही खर्च न करता करून बघा.